टेबलावरच्या फाशांपासून ऑनलाइन जगापर्यंत: रोल-प्लेइंग गेम क्रमाने शिका

अनेक नवखे खेळाडू रोल-प्लेइंग गेमची, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या खेळांची, सुरुवात थेट एखाद्या मोठ्या ऑनलाइन खेळापासून करतात. पडद्यावर हिट पॉइंट, लेव्हल, आर्मर, क्रिटिकल असे आकडे सतत उडत असतात. ते कुठून येतात हे कळत नाही, म्हणून खेळ बटणं दाबण्यापुरता उरतो. आमचा सल्ला सरळ आहे: हे खेळ ज्या क्रमाने घडले, त्याच क्रमाने शिका. आधी टेबल, मग मजकुराचं जग, मग हजारो माणसांचं ऑनलाइन जग. टेबलावर एक सवय लागते, जी पडद्यावर कुणी शिकवत नाही: नियमात नसलेली गोष्ट करून बघण्याची.

आधी थोडा इतिहास

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेझली याने ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा खेळ मांडला. नेपोलियनच्या काळातलं एक गाव आणि त्यावर येऊ घातलेली लढाई, असा तो प्रसंग. तोवरच्या युद्धखेळांत एका खेळाडूकडे अख्खं सैन्य असायचं. वेझलीने काहींना सैन्याऐवजी एकेक माणूस दिला: महापौर, बँकवाला, विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई बाजूला राहिली आणि खेळाडू एकमेकांना कोपऱ्यात गाठून सौदे करू लागले. त्या गटातल्या डेव्ह अर्नसनने हीच कल्पना ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक मुलखात नेली. पुढे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने ती लिहून काढली. जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला: एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या आवृत्तीच्या १००० प्रती.

आज कुठल्याही मोबाइल गेममध्ये दिसणाऱ्या कल्पनांची मुळं इथे आहेत. हिट पॉइंट आणि आर्मर क्लास हे अर्नसनच्या सांगण्याप्रमाणे चिलखती युद्धनौकांच्या खेळाच्या नियमांतून आले. जहाजाला किती मार झेपतो आणि त्याचं कवच किती जाड, हाच तो हिशेब. अनुभवाचे गुण मिळवून लेव्हल वाढवणंही त्या पुस्तिकांतलंच. तेव्हा भुयारातून आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला एक गुण मिळायचा. त्यामुळे राक्षसाला मारण्यापेक्षा त्याला चुकवून खजिना पळवणं जास्त फायद्याचं होतं.

पहिली पायरी: माणसं आणि सामान

चार खेळाडू आणि एक डीएम, म्हणजे कथा सांगणारा आणि नियम चालवणारा डंजन मास्टर, हा सर्वात चांगला मेळ. तीन खेळाडूही चालतात. सहा झाले की लढाईत कंटाळा येतो. प्रत्येकाला दोन मिनिटं आणि डीएमला चार मिनिटं धरली, तर स्वतःची पाळी पुन्हा येईपर्यंत चौदा मिनिटं जातात. तेवढ्यात लोक फोन काढतात.

सामान फार लागत नाही:

- सात फाशांचा एक संच: ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचा प्रत्येकी एक, शिवाय ०० ते ९० आकड्यांचा दुसरा दहा बाजूंचा फासा. एका संचावर अख्खं टेबल चालतं, पण प्रत्येकाकडे स्वतःचा असला तर वेळ वाचतो.
- पेन्सिल आणि खोडरबर. हिट पॉइंट सतत बदलतात. पेनने लिहिलेला कागद तासाभरात वाचता येत नाही.
- नकाशासाठी चौकटींची वही. एक चौकट म्हणजे पाच फूट.
- नियम. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. पहिले काही महिने एवढंच पुरे.

फासे नसतील तर फोनवरचं ॲप चालेल. वीस चिठ्ठ्या डब्यात टाकूनही काम भागतं, फक्त काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाका. ती बाहेर ठेवली तर उरलेल्या आकड्यांची शक्यता बदलत जाते आणि शेवटच्या दोन-तीन चिठ्ठ्या सगळ्यांना आधीच कळतात.

एक गोष्ट बसण्याआधीच ठरवून टाका. २०१४ चे नियम आणि २०२४ चे सुधारित नियम दिसायला सारखे आहेत, पण बारकाव्यांत फरक आहे. एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरे वाचले असतील तर प्रत्येक मंत्रावर वाद होतो. एकच संच निवडा. खालचे सगळे आकडे २०१४ च्या नियमांतले आहेत.

दुसरी पायरी: पात्र

पात्राच्या सहा क्षमता असतात: स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (दमखम), इंटेलिजन्स, विस्डम, करिष्मा. त्यांना १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे हवे तसे वाटा. पात्राच्या वंशानुसार काहींत एक-दोनची भर पडते. खेळताना मात्र मूळ आकडा क्वचितच लागतो, लागतो तो मॉडिफायर, म्हणजे फाशावरच्या आकड्यात मिळवायचा आकडा. आकड्यातून दहा वजा करा, दोनने भागा आणि खालचा पूर्णांक घ्या. १६ ला अधिक ३, १० ला शून्य, ८ ला उणे १. पात्र ज्यात तरबेज असेल त्या कामात पहिल्या लेव्हलला आणखी अधिक २ मिळतात.

पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी फायटर (लढवय्या) किंवा ‘रोग’ (लपूनछपून वार करणारा) घ्यावा. विझर्ड (जादूगार) मोहात पाडतो, पण त्याचे मंत्र वाचण्यात आणि निवडण्यातच पहिली बैठक संपते. नव्या गटाला पात्रं बनवायला दीड-दोन तास लागतात, म्हणून ते काम पहिल्या खेळाच्या दिवशी करू नका. त्यासाठी वेगळी बैठक घ्या. तिला ‘सेशन झिरो’ म्हणतात. त्यात कथेचा सूर ठरवा (भीतीची की धमाल?), टेबलावर कुठले विषय नकोत ते विचारा, आणि कोण किती वाजता निघणार तेही ठरवा. हा विषय नको असं कुणी म्हटलं तर कारण विचारत बसू नये.

पात्राचा पूर्वेतिहास पानभर लिहू नका. तीन ओळी पुरतात: त्याला काय हवंय, तो कुणाला घाबरतो, कुणाचं देणं लागतो. या तीन धाग्यांवर डीएम महिनाभराची कथा विणू शकतो. ‘माझं पात्र कुणावर विश्वास ठेवत नाही, एकटंच फिरतं’ असं पात्र मात्र आणू नये. ते बाकी चौघांचा वेळ खातं, कारण दर वेळी त्याला सोबत यायची विनवणी करावी लागते.

तिसरी पायरी: एक पाळी, जवळून

डीएम: ओढ्यापलीकडे एक मोडकी बैलगाडी आडवी पडलीय. तिच्यामागून कुजबुज ऐकू येते. काय करतेस?

खेळाडू: मी गाडीखालून सरपटत जाऊन बघते.

डीएम: चाहूल लागू न देता? मग स्टेल्थ टाक.

वीस बाजूंच्या फाशावर ८ आले. रोगची डेक्स्टेरिटी अधिक ३, तरबेजपणाचे २, एकूण १३. गाडीमागच्या गॉब्लिनची (छोट्या राक्षसाची) सावधगिरी ९. त्याला कळलंच नाही.

खेळाडू: आखूड तलवारीने वार करते.

शत्रू बेसावध असल्यामुळे तिला ॲडव्हान्टेज मिळतो: वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा घ्यायचा. ७ आणि १४ आले. १४ अधिक ५ म्हणजे १९. गॉब्लिनचा आर्मर क्लास १५, वार लागला. सहा बाजूंच्या फाशावर ४, त्यात ३ मिळवले, शिवाय स्नीक अटॅकचा, म्हणजे रोगच्या चोरट्या वाराचा, आणखी एक सहाचा फासा, त्यावर २. एकूण ९. गॉब्लिनचे हिट पॉइंट ७. तो संपला.

या छोट्या प्रसंगात खेळाचा सगळा सांगाडा आहे. खेळाडू काय करायचं ते सांगते, फासा टाकायचा का आणि कुठला, ते डीएम सांगतो. नवखे उलटं करतात: आधी फासा टाकून ‘स्टेल्थ एकवीस!’ म्हणतात आणि मग त्याचं काय करायचं ते शोधतात. हा क्रम पहिल्याच दिवशी सरळ करा.

आकड्यांची जाण असलेली बरी. अधिक ५ घेऊन १५ गाठायचे तर फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे ५५ टक्के शक्यता. ॲडव्हान्टेज मिळाला की तीच शक्यता जवळपास ८० टक्क्यांवर जाते. म्हणूनच आडोसा शोधणं, मागून जाणं, शत्रूला आडवं पाडणं यांना इतकी किंमत आहे. चांगली कल्पना ही चांगल्या तलवारीपेक्षा जास्त कामाची ठरते, आणि हे टेबलावर हातात फासा असताना लगेच उमगतं.

डीएमसाठी एक नियम. यश आणि अपयश दोन्हींतून काही वेगळं घडणार असेल तरच फासा टाकायला सांगा. दार उघडायला फासा टाकला, हुकला, ‘उघडत नाही’, पुन्हा टाकला, पुन्हा हुकला... असं होऊ लागलं की कथा तिथेच अडकते. अपयशाने काहीतरी बदललं पाहिजे: दार उघडलं, पण आवाजाने पहारेकरी जागा झाला. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने हीच गोष्ट नियमात आणली. तिथे सहाचे दोन फासे टाकतात. १० किंवा जास्त आले तर पूर्ण यश, ७ ते ९ आले तर यश मिळतं पण त्याची किंमत मोजावी लागते, ६ किंवा कमी आले तर प्रसंग बिघडतो. नुसत्या कथेत रस असलेल्या गटाने या घराण्यातला एखादा खेळ घ्यावा. नियम थोडे आणि फासे घरातलेच.

पहिल्या लढाईत माणसं का मरतात

नवा डीएम चार खेळाडूंपुढे चार गॉब्लिन उभे करतो. बरोबरीचा सामना वाटतो, पण तसा तो नाही. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे जेमतेम सातेक हिट पॉइंट असतात. आर्मर क्लास १२ धरला तर गॉब्लिनचा वार त्याला ६५ टक्के वेळा लागतो आणि सरासरी साडेपाच हिट पॉइंट नेतो. दोन वार, विझर्ड आडवा. नियमांच्या हिशेबात पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी दोन गॉब्लिन सोपे, तीन अवघड आणि चार जीवघेणे. याचं कारण संख्या. शत्रू वाढले की एका फेरीतले वार वाढतात, आणि तुमचे तितकेच राहतात. पहिल्या दिवशी दोनच ठेवा. तिसरा झाडीत लपवा आणि लढाई फारच सोपी जात असेल तर बाहेर काढा.

हिट पॉइंट शून्य झाले म्हणजे लगेच मरण नव्हे. आपल्या पाळीला वीसचा फासा टाकायचा: १० किंवा जास्त यश, कमी अपयश. तीन यशं झाली की जीव स्थिर, तीन अपयशं झाली की मृत्यू. १ आला तर दोन अपयशं धरतात. २० आला तर पात्र एका हिट पॉइंटवर उठतं. गटात कुणाकडे तरी बरं करण्याचा मंत्र हवा, तो यासाठी. एक हिट पॉइंट मिळाला तरी माणूस उभा राहतो.

टेबल इंटरनेटवर नेताना

एक जण पुण्यात, दुसरा दुबईत, तिसरी न्यू जर्सीत असा गट आता सर्रास जमतो. बोलायला डिस्कॉर्ड, नकाशाला २०१२ पासून चालू असलेलं रोल-ट्वेंटी किंवा फाउंड्री. फाउंड्रीत फक्त डीएमला एकदाच पैसे भरावे लागतात. रोल-ट्वेंटीत नकाशाची एक चौकट मुळात ७० पिक्सेलची असते, म्हणजे २० बाय २० चौकटींचं चित्र १४०० बाय १४०० हवं. वेगळ्या मापाचं चित्र टाकलं की चौकटी भिंतींशी जुळत नाहीत आणि ‘मी दारात आहे की बाहेर’ यावर वाद सुरू होतो.

वेळेचा घोळ हमखास होतो. न्यू जर्सीत उन्हाळ्यात भारताशी साडेनऊ तासांचा फरक असतो आणि हिवाळ्यात साडेदहा. आपल्याकडे शनिवारी रात्री आठ म्हणजे तिथे कधी सकाळचे साडेदहा, तर कधी साडेनऊ. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलली की त्या आठवड्यात कुणीतरी तासभर चुकतंच. भेटीची वेळ एका ठरलेल्या गावाच्या घड्याळानुसारच लिहा.

सगळ्यांनी हेडफोन लावा, स्पीकरवर आवाज घुमतो. बैठक अडीच तासांच्या आत आटपा. समोरासमोर बसलेलं असताना दोघं बाजूला कुजबुजू शकतात, ऑनलाइन एका वेळी एकच आवाज ऐकू येतो. त्यामुळे गप्प राहणारा खेळाडू पूर्णच हरवतो. डीएमने नाव घेऊन विचारत राहावं. आणि भाषेचं दडपण नको: नियमांचे शब्द इंग्रजी, बाकी सगळं बोलणं मराठीत, असं टेबल छान चालतं.

चौथी पायरी: मजकुराचं जग

१९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने आणि पुढे रिचर्ड बार्टलने ‘मड’ हा खेळ लिहिला. अनेक जण एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात, पडद्यावर फक्त मजकूर. आजच्या प्रत्येक ऑनलाइन जगाचं हे मूळ रूप आहे आणि असे खेळ अजून चालू आहेत. नवख्यांसाठी आर्डवुल्फ बरा, कारण त्याची शिकवणी नीट बांधलेली आहे. मडलेट हा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या, यादीतून खेळ निवडा, नाव आणि पासवर्ड द्या. आज्ञा छोट्या इंग्रजी शब्दांत असतात: बघा, उत्तरेला जा, उचला, मारा. सुरुवातीला कागदावर नकाशा काढा. खोली म्हणजे चौकट, वाट म्हणजे रेघ. नकाशा न काढणारे पंधरा मिनिटांत हरवतात.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध खेळाडूंसाठी ही जगं फार मोलाची आहेत. सगळं मजकुरात असल्यामुळे ते इथे डोळस खेळाडूंच्या बरोबरीने खेळतात.

आणि इथेच संगणकाने काय हिरावलं तेही कळतं. ‘गाडीखालून सरपटत जातो’ असं लिहिलंत तर उत्तर येतं की आज्ञा समजली नाही. हिशेब करायला कुणी नको, हजार माणसं एकत्र येऊ शकतात, पण ज्याचा विचार प्रोग्राम लिहिणाऱ्याने केला नाही ते तुम्हाला करता येत नाही.

एकट्याने खेळायचे संगणकी खेळ हा वेगळा फाटा. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ १९८१ चे. आज टेबलाच्या सर्वात जवळचा म्हणजे २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’. पाचव्या आवृत्तीचे नियम आणि पडद्यावर फिरणारा वीसचा फासा त्यात आहे. त्याला सुमारे १५० जीबी जागा आणि एसएसडी लागते. एक फरक लक्षात ठेवा: तिथे कुठल्याही चाचणीत १ आला की अपयश आणि २० आला की यश. टेबलावर २०१४ च्या नियमांत हे फक्त हल्ल्याला लागू होतं, कुलूप उघडायला नाही. त्या खेळावरून टेबलाकडे आलेले लोक इथे हटकून भांडतात.

पाचवी पायरी: हजारोंचं जग

सप्टेंबर १९९७ मध्ये आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये निसर्गाचं चक्र बसवायची योजना होती: गवत खाणारे प्राणी, त्यांच्यावर जगणारे लांडगे. खेळाडू आत शिरले आणि दिसेल ते मारत सुटले. चक्र चालायला प्राणीच उरेनात, आणि ती योजना काढून टाकावी लागली. पुढच्या खेळांनी धडा घेतला. १९९९ चा ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ यांत मारलेला राक्षस थोड्या वेळाने त्याच जागी पुन्हा उभा राहतो, म्हणजे मागून येणाऱ्यालाही तो मिळतो. जग सगळ्यांना पुरतं, पण तुम्ही केलेल्या गोष्टीची खूण त्यावर फारशी राहत नाही. टेबलावर जाळलेला पूल जळलेलाच राहतो.

खेळ निवडण्याआधी तीन गोष्टी बघा: सर्व्हर कुठे आहे, पैसे महिन्याला आहेत की एकदाच, आणि तुमचं यंत्र त्याला पेलेल का. मुंबईहून सिंगापूरच्या सर्व्हरला संदेश जाऊन यायला साधारण ६० ते ८० मिलिसेकंद लागतात, युरोपला त्याच्या दुपटीच्या आसपास, अमेरिकेला २०० च्या वर. झटपट लढाईच्या खेळात २०० च्या पुढे त्रास होतो: आगीतून तुम्ही बाहेर पडलात असं तुम्हाला दिसतं, पण सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून आतच असता.

त्या दृष्टीने ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ ही चांगली सुरुवात आहे. त्याचं जग ०.६ सेकंदांच्या ठोक्यावर चालतं, त्यामुळे थोडा उशीर फारसा जाणवत नाही. फोनवर चालतो, जुन्या लॅपटॉपवर चालतो, काही भाग मोफत आहे. आधी खात्याला टू-स्टेप ऑथेंटिकेटर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय) लावा, मग खेळा. ‘तुझं सोनं दुप्पट करून देतो’ म्हणणारा प्रत्येक जण फसवतो. कुणी ‘चल, एक जागा दाखवतो’ म्हणत उत्तरेच्या वाइल्डरनेसकडे नेत असेल तर थांबा. तिथे इतर खेळाडू तुम्हाला मारू शकतात आणि मेल्यावर साधारणपणे सर्वात महागड्या तीनच वस्तू तुमच्याकडे राहतात. जायचंच असेल तर जे गेलं तरी चालेल तेवढंच घेऊन जा.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या खेळात पाच जणांचा गट असतो: एक टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा), एक हीलर (बाकीच्यांना बरं करणारा), तीन मारा करणारे. शत्रू ज्याचा ‘थ्रेट’, म्हणजे त्याला वाटणारा धोका, सर्वात जास्त त्याच्यावर धावतो. टँकने पहिला फटका मारल्यावर दोन-तीन सेकंद थांबून मग हल्ला सुरू करा. आधीच सर्व ताकद लावली तर शत्रू तुमच्याकडे वळतो, हीलर तुम्हाला वाचवायला धावतो, तिकडे टँक पडतो आणि अख्खा गट मरतो. नवखे मारा करणारे हीच चूक सर्वात जास्त करतात. दुसरी चूक, कामाची नसलेली वस्तू दिसली म्हणून ‘नीड’ (मला ही हवी) दाबणं. तसं करणाऱ्याला लोक पुन्हा गटात घेत नाहीत.

पंधरा-वीस दिवस एकटं खेळून झाल्यावर गिल्ड, म्हणजे खेळाडूंची कायमची टोळी, शोधा. आत जाण्याआधी चार गोष्टी विचारा: भारतीय वेळेनुसार तुम्ही किती वाजता खेळता, मिळालेली लूट कशी वाटता, व्हॉइस चॅटवर येणं सक्तीचं आहे का, आणि नवख्याने चुकून गट मारला तर तुम्ही काय करता. चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘पुन्हा एकदा करून दाखवतो’ म्हणणारी गिल्ड धरून ठेवा.